आडोसा

आमच्या बेटावर झाड नाही.
पाहुणे विचारतात, वाऱ्यामुळे की मेंढ्यांमुळे?
मी म्हणते, दोन्ही.
खरं तर मला एवढंच कळतं
की आडोशाला जावं असं इथं काही नाही.

शाळा ते पोस्ट, एक संडास.
पोस्ट ते धक्का, एक, त्याला सहानंतर कुलूप.
धक्क्यापुढे अनीका मावशीचं घर.
तिला वाटतं मला पत्ते फार आवडतात.
आठवड्यातून चारदा मी तिच्या दारात
धापा टाकत उभी असते, डाव मांडायला.

पूर्वी राजधानीला बोट जायची.
बोटीत कॉफी होती, कंटाळा होता,
आणि जिन्याखाली एक अरुंद दार.
आता समुद्राखालून बोगदा झाला.
अकरा किलोमीटर, दिवे, फोन, आग विझवायची नळकांडी.
उद्घाटनाला सगळं गाव नाचलं.
मी पण नाचले, दाराजवळ.

दुखणं मी सोसलं असतं.
हे दुखणं नाही, हा हुकूम आहे.
आत्ता म्हणजे आत्ता.
वाक्य संपवायचं नाही, फळ्यावरचा सात पुरा करायचा नाही,
मुलं अर्ध्या साताकडे बघत बसतात.

डॉक्टर कागद देतात:
गेल्या पंधरा दिवसांत किती वेळा, रक्त किती,
जगण्याचा दर्जा, शून्य ते दहा.
मी पेन घेते आणि विचारते,
इथून डावीकडे ना?

ऑक्टोबरात मेंढ्या उतरवतात.
चाळीस माणसं डोंगरभर रांग धरतात,
हाकेच्या अंतरावर एकेक, जाळं असावं तशी.
माझ्या डावीकडे रोई, उजवीकडे मार्यून,
वरून हेर्गाइरचा आवाज, सावकाश, सावकाश.
उतार तळहातासारखा उघडा. आकाश स्वच्छ.
आणि हुकूम आला.

पळाले.
जळणाची माती कापून झालेला एक जुना खड्डा दिसत होता,
गुडघाभर खोल, ओढ्याच्या अलीकडे.
पोहोचले नाही.

माझ्या मोकळ्या जागेतून सतरा मेंढ्या वर गेल्या.
शेवटचा एडका थांबून माझ्याकडे बघत राहिला,
मग तोही गेला.
दिवसभराची चाल फुकट.
मी ओढ्यात बसले होते, पाणी हाडापर्यंत गार,
लोकरीचा स्वेटर कमरेला.
रोईचा कुत्रा आला, हुंगून लांब बसला.
मागून रोई. त्यानं समुद्राकडे तोंड केलं
आणि म्हणाला, धुकं फार होतं.

संध्याकाळी गोठ्यात कॉफी.
धुकं फार होतं, हेर्गाइर म्हणाला.
हो ना, काही दिसत नव्हतं, बाकीचे म्हणाले.
चाळीस माणसं मिळून माझ्याभोवती धुकं धरत होती
आणि मला ते उबदार वाटत होतं,
आणि मला त्यात श्वास घेता येत नव्हता.

धुकं नव्हतं, मी म्हणाले.
आतडं आहे माझं. आतून सोललेलं.
दिवसाला अकरा वेळा. रक्त पडतं.
कुणाच्या तरी बशीत चमचा वाजला.
अनीका मावशी म्हणाली,
म्हणजे तुला पत्ते आवडत नाहीत?

हसले कुणी कुणी. मी हसले की रडले ते आठवत नाही.
मग मार्यून, कपात बघत:
माझ्या भावालाही आहे.
मासेमारीच्या बोटीवर असतो. बादली ठेवतो.
एवढं बोलून ती गप्प झाली. बादलीचं दुसरं कुणी काही बोललं नाही.

कुठला खड्डा म्हणालीस?
ओढ्याच्या अलीकडचा. गुडघाभरच आहे.
थोडा खणून ठेवू,
हेर्गाइर म्हणाला,
आणि रुबार्बचा केक इकडे सरकवा म्हणाला.